रात्री अकराची भूक

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पावणेदोन वर्षांपूर्वी माझे पती हृदयविकाराने गेले. ते कारखान्यात सेकंड शिफ्टला असत. रात्री अकराला घरी येत आणि मग आम्ही दोघे जेवायला बसत असू. आमच्या संसाराची अठरा वर्षे अशीच गेली. आता मला एक सवय लागली आहे. अकराच्या सुमारास, मुले झोपली की, मी स्वयंपाकघरात जाते आणि दिवा न लावता ओट्याशी उभी राहून फरसाण, खारी, उरलेला भात, जे हाती लागेल ते खाते. डब्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते पदराखाली धरून उघडते. पोट दुखेपर्यंत हात थांबत नाही आणि नंतर स्वतःची किळस येते. सकाळी त्याची भरपाई म्हणून दुपारपर्यंत फक्त चहावर राहते. खाण्यावर ताबा राहत नाही, एवढेच मी प्रार्थना गटातील भगिनींना सांगितले. त्यांनी शरीर हे देवाचे मंदिर असल्याची आठवण करून दिली आणि पवित्र शास्त्रातील दानीएलाप्रमाणे २१ दिवस उपवास-प्रार्थना करायला सांगितली. चौथ्या रात्री मी उपवास मोडला आणि कधी नव्हे इतके खाल्ले. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी मी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे न जाता बाकावरच बसून राहते. माझा विश्वास कमी पडतो आहे का?

उत्तर : ख्रिस्तात प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे वाचताना मनावर दडपण राहणार नाही. तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. तुमच्या दुःखाला रडायला जागा मिळालेली नाही, आणि ती मिळण्याआधीच तुम्हाला उपवासाला बसवले गेले, असे तुमचे पत्र पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझे मत झाले आहे.

तुम्ही दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत लिहिल्या आहेत आणि त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. पती रात्री अकराला घरी येत, हे एक वाक्य. अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात जाते, हे दुसरे. अठरा वर्षे त्या घटकेला तुम्ही पोळ्या गरम केल्या, दोन ताटे घेतली, दिवसभराचे बोलणे त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवले. माणूस गेले तरी शरीराला लागलेली ती वेळ गेली नाही. अकरा वाजले की तुमचे पाय अजूनही ओट्याकडे वळतात. पण तिथे वाढायला कोणी नसते, बोलायला कोणी नसते, आणि उरतो तो फक्त डबा. पोटाची भूक हळूहळू चढते, भाजी-भाकरीनेही भागते आणि पोट भरले की शमते. दुःखाची, एकटेपणाची भूक एकदम येते, तिला बहुधा खारट, कुरकुरीत किंवा गोडच हवे असते, आणि पोट भरले तरी ती थांबत नाही, कारण ती पोटातून आलेलीच नसते. तुम्ही ज्याला ताबा सुटणे म्हणता त्याला मी आधी शोक म्हणेन.

आता त्या २१ दिवसांविषयी. त्या भगिनींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी प्रेमानेच सांगितले असेल. पण दानीएलाच्या पुस्तकाचा दहावा अध्याय त्यांनी आणि तुम्ही पुन्हा एकदा शांतपणे वाचावा, अशी माझी विनंती आहे. तिथे दानीएल काय करीत होता? तो तीन आठवडे शोक करीत होता. उपवासाचा उल्लेख त्याच्यामागून येतो, आणि तोही असा की त्याने चविष्ट अन्न, मांस आणि द्राक्षारस घेतला नाही, अंगाला तेल लावले नाही. अन्न अजिबात वर्ज्य केले, असे तो म्हणत नाही. शोक हा त्या तीन आठवड्यांचा गाभा होता आणि साधे अन्न हे त्या शोकाचे बाहेरचे रूप होते. तुमच्याकडे मात्र अन्नाचा नियम तेवढा आला आणि शोक मागे राहिला. रडण्याची मुभा न देता नुसते उपाशी ठेवले, तर चौथ्या रात्री जे घडले ते घडणारच होते.

ते घडणारच होते, असे मी केवळ तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना, नोव्हेंबर १९४४ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांवर उपासमारीचा एक अभ्यास सुरू झाला. युद्धामुळे उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे त्यातून शोधायचे होते. हे तरुण स्वखुशीने आले होते. ख्रिस्ताच्या शिकवणीमुळे हाती शस्त्र धरणार नाही, असे सांगणाऱ्या ब्रेदरन, क्वेकर, मेनोनाइट अशा मंडळ्यांतले त्यांच्यात बरेच होते. म्हणजे विश्वास आणि निश्चय या दोन्ही बाबतींत ती साधी माणसे नव्हती. २४ आठवडे त्यांना सुमारे निम्म्या आहारावर ठेवले. त्या काळात त्यांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेनासे झाले. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत, ताटल्या चाटत. बंधन उठल्यावर त्यांच्यातले कित्येक जण पोट गच्च भरूनही खातच राहिले आणि तरी तृप्ती होत नाही म्हणाले. शरीराला उपासमारीची भीती बसली की ते असेच वागते. तुमचे दुपारपर्यंत चहावर राहणे हाही रोजचा एक छोटा उपासच आहे, आणि रात्रीचे खाणे जितके दुःखातून येते तितकेच या उपासातूनही येते. म्हणून सध्या कोणताही उपवास करू नका. पुढे केव्हा करावासा वाटला, तर तो वजनासाठी किंवा शिक्षा म्हणून नसावा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच.

मग विश्वासाने करायचे तरी काय? याचे सर्वांत जवळचे उत्तर मला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील हन्नेजवळ सापडते. तिला मूल नव्हते, सवत पनिन्ना तिला टोचून बोलत असे, आणि वर्षातून एकदा शिलो येथे सगळे कुटुंब यज्ञभोजनाला बसे तेव्हा ती रडत असे, जेवत नसे. नवरा एलकाना प्रेमळ होता, पण त्याची समजूत अशी की मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का, एवढे विचारले की तिने जेवायला बसावे. हन्ना जेवणापाशी अडखळली आणि तुम्हीही जेवणापाशीच अडखळला आहात. तिच्या तोंडी घास जाईना आणि तुमचा हात थांबेना, पण गाठ एकच आहे. ती सोडवण्यासाठी तिने जेवणाविषयी काहीही केले नाही. ती उठली, परमेश्वराच्या मंदिरात गेली आणि मनापासून रडून प्रार्थना करू लागली. नुसते ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, म्हणून याजक एलीला ती प्यायलेली वाटली. मी परमेश्वरासमोर आपले मन ओतते आहे, असे तिने त्याला सांगितले. त्यानंतरचे वाक्य लोक पुष्कळदा घाईत वाचून पुढे जातात. ती परत गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तिचा मुलगा शमुवेल अजून जन्मला नव्हता. काहीही बदलले नव्हते. दुःख मात्र योग्य ठिकाणी पोचले होते, आणि जेवण पुन्हा नुसते जेवण झाले होते.

असे मन ओतायला आपल्या मंडळ्यांत फारसे कोणी शिकवत नाही, ही मला मनापासून टोचणारी गोष्ट आहे. दफनविधीच्या दिवशी आपण आशेची गीते गातो, ते योग्यच आहे. पण महिन्याभराने विधवा भगिनी उपासनेत रडली तर लगेच कोणीतरी म्हणते की, ते प्रभूजवळ आहेत, आता रडू नये. ज्या स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांचा सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे, ती हाती धरणाऱ्या लोकांनी असे म्हणावे, याचे मला फार वाईट वाटते. तुम्ही तेरावे स्तोत्र घ्या. ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे आणि पहिल्या दोन ओव्यांत दावीद देवाला चार वेळा विचारतो की, हे कुठवर चालायचे. रात्री पावणेअकराला, दिवा लावून, बसून ते मोठ्याने वाचा, आणि मग तुमच्या शब्दांत तुमची तक्रार सांगा. पती असते तर आज त्यांना काय सांगितले असते, ते सांगा: शाळेत काय झाले, मुलाच्या फीचे काय करायचे, इतक्या लवकर का नेलेस. राग आला तर तोही बोलून दाखवा. कधी आशेचा शब्द तोंडून निघालाच नाही, तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र उघडा. ते अंधारातच संपते आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांना हे चांगले ठाऊक होते. त्यांच्यापैकी पोंतसच्या एवाग्रियसाने मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची यादी केली. तिच्यात खादाडपणाचा विचार पहिला आहे. पण तो विचार मनात कसा येतो हे सांगताना तो पक्वान्नांच्या मोहाविषयी बोलत नाही. पोटाची काळजी, यकृत आणि प्लीहेचे विकार, लांबलेले आजारपण, वस्तूंची टंचाई आणि आपल्याला पाहायला वैद्य नसणे, असे चित्र तो रंगवतो. म्हणजे त्या अनुभवी माणसाला अति खाण्याच्या मुळाशी भीती दिसली होती. पवित्र शास्त्र खादाडपणाविरुद्ध बोलते, हे मी नाकारत नाही. पण तिथे दुसऱ्याची पर्वा न करता चैनीने खाणारा माणूस समोर आहे. तुमच्या पत्रात चैनीचा मागमूसही नाही.

प्रभुभोजनाविषयीचे तुमचे वाक्य वाचून मात्र मी अस्वस्थ झाले. तुम्ही स्वतःला अयोग्य समजून बाकावर बसून राहता, आणि त्यासाठी पहिल्या करिंथकरांस पत्राचा अकरावा अध्याय मनात धरला असावा, असे मला वाटते. तो संपूर्ण वाचा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल रागावला आहे तो करिंथच्या मंडळीतल्या खात्यापित्या लोकांवर. ते आधीच येऊन जेवून घेत, पीत, आणि गरीब उपाशी राहत. त्याने सांगितलेला उपाय एवढाच आहे की, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. ज्या बाईने अठरा वर्षे रात्री अकरापर्यंत नवऱ्याची वाट पाहून मगच घास घेतला, तिला त्या अध्यायाने मेजापासून दूर ठेवावे, हे पौलाच्या मनातही आले नसते. आणि शरीर हे मंदिर असल्याचे त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायातील वचन जारकर्माविषयी बोलताना आलेले आहे. ते तुमच्यावर उगारण्यासाठी नाही. त्यातून तुम्ही काही घ्यायचेच असेल तर एवढे घ्या की, मंदिराची देखभाल करावी लागते, आणि देखभालीत वेळेवर जेवू घालणे येते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभूचा शिष्य पेत्र याची गोष्ट आहे. त्याने प्रभूला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थित प्रभू त्याला तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावर भेटतो तेव्हा कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी असते, भाकर असते, आणि प्रभू आधी न्याहारीला बोलावतो. प्रीतीविषयीचे तीन प्रश्न त्या न्याहारीनंतर आले. येत्या पहिल्या रविवारी तुम्ही उठून पुढे जा. कालच्या रात्री काय झाले, याच्याशी त्याचा संबंध लावू नका.

रोजच्या व्यवहारातले थोडे सांगते. सकाळी शाळेत जाण्याआधी काहीतरी पोटभर खा, पोहे, उपमा किंवा भाकरी, आदल्या रात्री कितीही खाल्ले असले तरी. दुपारचा डबा सोडू नका, चार-पाचच्या सुमारास फुटाणे किंवा फळ घ्या आणि रात्री मुलांबरोबर बसून जेवा. दोन खाण्यांत तीन-चार तासांहून फार अंतर पडू देऊ नका. वजनकाटा काही महिने कपाटात ठेवा. आणि रात्री अकराला खावेसे वाटलेच, जे वाटणार आहे, तर ते अंधारात उभ्याने खाऊ नका. दिवा लावा, फरसाण बशीत काढा, डबा बंद करून जागेवर ठेवा, बसा, आणि जेवणाआधी करता तशी प्रार्थना त्या बशीवरही करा. हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण उपकारस्तुती करून घेतलेले काहीही टाकाऊ नाही, असे पौलाने तीमथ्याला लिहिले आहे, आणि देवाचे नाव घेऊन खाल्लेल्या घासाची लाज वाटणे हळूहळू कमी होते. लाज कमी झाली की तिच्यापायी होणारे खाणेही कमी होते. काही रात्री हे जमणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करा, एवढेच त्या रात्रीचे प्रायश्चित्त.

त्या प्रार्थना गटाला सगळे सांगायलाच हवे, असे नाही. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ आपली पातके कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. पण ते ऐकणारी व्यक्ती तुम्ही निवडू शकता. जिच्याजवळ रडता येईल आणि जी लगेच वचन सांगणार नाही, अशी एकच भगिनी किंवा नणंद शोधा, आणि आठवड्यातून एकदा तरी रात्री तिला फोन करायचे ठरवून टाका. पाळकसाहेब समजूतदार असतील, तर पतींच्या स्मरणार्थ घरी एक प्रार्थनासभा घ्या आणि तिच्यात विलापाचे एक स्तोत्र वाचायला त्यांना सांगा.

आणि डॉक्टरांकडे जा. यात विश्वासाची उणीव पाहू नका. आपल्याच लोकांनी १८९४ साली मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस यांच्या हातून रुग्णालय उभे राहिलेले पाहिले आहे, आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. फिजिशियनकडून रक्तदाब, थायरॉइड आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी करून घ्या. त्याबरोबर मनोविकारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची भेटही घ्या, कारण तुम्ही जे वर्णन केले आहे, म्हणजे ताबा सुटून पुष्कळ खाणे, भूक नसताना, लपून, पोट दुखेपर्यंत खाणे आणि मग किळस येणे, ते तीन महिने आठवड्यातून एकदा तरी होत असेल तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून खाण्याचा आजार, असू शकतो; नेमके निदान तज्ज्ञच करतील. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि बोलण्याच्या उपचारांनी तो चांगला सुधारतो. पावणेदोन वर्षांनंतरही दुःख तितकेच तीव्र असेल, तर त्यासाठीही वेगळी मदत मिळते. जवळ कोणी नसेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. खाल्लेले मुद्दाम ओकून टाकणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे किंवा जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काहीही होत असेल तर या पत्रातले बाकी सगळे बाजूला ठेवून आजच जा.

मुलांविषयी एक सांगायचे राहिले. तुम्ही झाकण पदराखाली धरता, तरी मोठ्या मुलाला बहुधा हे माहीत असेल. एकाच घरात ते लपत नाही. त्याला किळसेचे काही सांगू नका. बाबांची आठवण मला रात्री फार येते आणि मग मी स्वयंपाकघरात जाते, एवढेच सांगा. त्यालाही अकरा वाजता जाग येत असेल, तर ते तो तेव्हा बोलेल. अहवालात काय आले आणि पहिल्या रविवारी काय झाले, ते मला अवश्य लिहा.